काट्यांमागचा उजेड

जानेफळची तानुबाई रोज दिवेलागणीला माहेरी जायची. जायची म्हणजे गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या छपराखाली उभ्या मोटरीत जाऊन बसायची.

मोटर तिच्या नवऱ्याची, पंजाबरावांची. खामगावच्या एका वकिलाकडून त्यांनी ती हौसेनं घेतली तेव्हाच ती म्हातारी झाली होती. वर्षभर तिनं गावभर धूळ उडवली. मग लढाई लागली, पेट्रोल कूपनावर गेलं आणि मोटर छपराखाली बसली. बॅटरी मरू नये म्हणून पंजाबराव अधूनमधून इंजिन चालू करत, थोडा वेळ धूर होऊ देत आणि बंद करत.

एका संध्याकाळी कोंबडी मागच्या गादीवर जाऊन बसली म्हणून तानुबाई तिला हुसकायला आत शिरली. निघताना तिच्या हातानं पुढची एक खुंटी ओढली गेली आणि समोरच्या फळीवरच्या चार गोल तबकड्या उजळल्या. एक वेगाची, एक पेट्रोलची, एक तेलाची, एक बॅटरीची. प्रत्येकीच्या काट्यामागे मधासारखा पिवळा उजेड. बाहेर चुलींचा धूर गावावर खाली उतरला होता, गाई परतत होत्या, आणि आत या तबकड्या दूरवरून चार लहान गावं दिसावीत तशा दिसत होत्या. तानुबाई बसूनच राहिली.

तिचं माहेर देऊळघाट. तिथून जानेफळपर्यंतची वाट तिनं कधी पाहिलीच नव्हती. लग्नात ती एवढीशी पोर. दमणीत बसवली, रडून रडून झोपली, आणि डोळे उघडले तेव्हा सासर आलं होतं. पुढेही जाणं-येणं उन्हाच्या भीतीनं रात्रीचंच, पडद्याआड, बैलांच्या घुंगरांवर डुलत. मग वडील गेले, आई गेली. भाऊ नव्हता. घर दुसऱ्या कुणीतरी घेतलं. आखाजीच्या सणाला गावातल्या सुना माहेरी निघत, तेव्हा तानुबाई त्यांच्या पोरांच्या हातावर गूळ ठेवी आणि घरात येई.

मोटरीत मात्र ती निघू शकत होती. काट्यांकडे बघत बसलं की छपराचा पत्रा नाहीसा व्हायचा. वाट तीच रचायची. दोन्ही बाजूंना कडुनिंब, एक विहीर, विहिरीवर कुणी बाई पाणी शेंदतेय, पुढे एक पांढरं देऊळ.

पंजाबरावांनी तिला तिथे पाहिलं तेव्हा ते दारातच थांबले.

"काय करून राह्यली वं तठी?"

"देऊळघाटले जाऊन राह्यली."

ते हसले. पण ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी ते येऊन तिच्या शेजारी बसले. तिनं विचारलं, "चिखलीच्या पुढं काय लागते?"

"चढ लागते. मंग बुलढाणा."

"झाडं हायेत?"

"हायेत ना."

"कडुनिंब?"

पंजाबरावांना आठवत नव्हतं. ते म्हणाले, "हाव, कडुनिंबच."

घरात कुजबूज सुरू झाली. थोरले दीर उत्तमराव एकदा जेवताना सगळ्यांदेखत म्हणाले, "पंजाब, तानुबाईले बाहेरचं लागलं. ते मोटर इकून टाक." पंजाबरावांनी ताटातला घास संपवला, हात धुतला आणि ते उठले.

मग एके दिवशी पेट्रोलच्या तबकडीमागचा दिवा लुकलुकला आणि गेला. थंडी पडेपर्यंत तेलाचा गेला, बॅटरीचा गेला. वेगाचा काटा तेवढा एकटा उजळत राहिला, आणि एका संध्याकाळी तोही विझला. तानुबाई काही वेळ अंधारात बसली. मग उतरली, दार हळूच लावलं आणि चुलीपाशी जाऊन बसली. त्यानंतर ती छपराकडे गेली नाही. बोलणंही कमी झालं. भाकरी थापताना हात मध्येच थांबे.

पंजाबरावांनी विचारलं, "काऊन जात नाई आता?"

"वाटच दिसत नाई," ती म्हणाली.

कापसाच्या गाड्या खामगावला निघाल्या तेव्हा पंजाबराव स्वतः पुढच्या गाडीवर बसले. कापूस बाजारात उतरला तसे ते हिंमतराव मिस्त्रीच्या कारखान्यात गेले. नवे दिवे मुंबईहून येणं बंद होतं. हिंमतरावनं डोकं खाजवलं आणि अंगणात मोडून पडलेल्या एका प्रवासी सर्व्हिस मोटरीत शिरून चार दिवे काढून आणले.

"यातला एक लाल हाय," तो म्हणाला. "मांगच्या बत्तीचा असन. बसन मात्र."

"बसवू कसा?"

"आधी बॅटरीची तार सोडा. फळीच्या खालून हात वर घाला. दिवा दाबा, जरासा फिरवा, सुटते. पाना-गिना लागत नाई भाऊ, बारीक हात लागते."

चारही दिवे कापसात गुंडाळून, तंबाखूच्या डबीत ठेवून पंजाबरावांनी घरी आणले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते मोटरीत आडवे झाले. हात मनगटापर्यंत गेला आणि अडकला. ओढून काढताना सालटं निघालं. पुन्हा घातला, पुन्हा अडकला. त्यांच्या शिव्या ऐकून तानुबाई बाहेर आली.

"सरका तिकडं," ती म्हणाली.

तिनं पदर खोचला, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि सुकाणूच्या चाकाखाली डोकं घालून उताणी पडली. हात वर गेला. आत गार होतं. कापडी वेष्टणाच्या तारा, जळमटं, बारीक धूळ. पाखराच्या घरट्यात हात घालावा तसं.

"दिसते का काई?" पंजाबरावांनी विचारलं.

"दिसत नाई. समजते."

बोटांना एक गोल टोपण लागलं. तिनं ते खाली ओढलं, पंजाबराव सांगत होते तसा दिवा दाबला, फिरवला. तो तिच्या तळव्यात आला, आतून काजळलेला. पंजाबरावांनी नवा दिला. असे चार झाले. त्यांनी बॅटरीची तार जोडली. तानुबाई उठून बसली, केसांतली जळमटं काढली आणि खुंटी ओढली.

दुपारच्या उन्हात उजेड फिकाच होता, पण चारही तबकड्या जाग्या झाल्या. तेलाची तेवढी गुलाबी, सांज झाल्यासारखी. तानुबाई तिच्याकडेच बघत राहिली.

"जाऊ मंग?" पंजाबराव म्हणाले.

"कुठी?"

"देऊळघाटले. खरंखुरं. पेट्रोल साठवलं हाय म्या."

तिचा चेहरा उतरला. "तठी कोण हाय माह्यं?"

"वाट तर पाह्यशीन."

संक्रांत झाल्यावर ते निघाले. मेहकरला पैनगंगेच्या पुलाशी पंजाबरावांनी मोटर थांबवली. "ही नदी तुह्या देऊळघाटाहूनच येते," ते म्हणाले. तानुबाई खाली उतरली, काठावर गेली आणि हात मनगटापर्यंत पाण्यात धरून बराच वेळ बसली. मग ओल्या हातानं तोंड पुसून परत आली.

पुढची वाट तिनं मनात रचली होती तशी नव्हती. कडुनिंब नव्हते, बाभळी होत्या. देऊळ कुठेच दिसलं नाही. तुरीची शेतं आणि उघडे डोंगर होते, आणि त्यांच्यावर ऊन हळूहळू तांबडं होत होतं. पंजाबराव चोरटेपणानं तिच्याकडे बघत होते. ती रागावली नव्हती. काचेला नाक लावून प्रत्येक बाभळीकडे बघत होती. बुलढाणा मागे पडल्यावर अंधारून आलं. तिनं खुंटी ओढली, आणि समोरच्या गोल उजेडात काटा पहिल्यांदाच हलताना तिला दिसला.

देऊळघाटला तिच्या बापाच्या घराचं दार निळं झालं होतं. दारात एक तरणी बाई कंदील घेऊन उभी होती, घराची नवी मालकीण विमलबाई. तानुबाई मोटरीतून उतरून दाराशी गेली.

"पाणी भेटन का?"

"भेटन ना. मोटर बिघडली का?"

"नाई." तिनं चौकटीला हात लावला. "हे घर माह्या बापाचं होतं."

विमलबाईनं कंदील वर धरून तिचा चेहरा नीट पाहिला. मग खाली ठेवला आणि तिचा हात धरला.

"मंग बाहेर काऊन उभ्या आक्का? या ना घरात."

त्या रात्री तानुबाई आईच्या चुलीपाशी जेवली. विमलबाईचे यजमान भगवानराव पंजाबरावांशी कापसाच्या भावावर बोलत बसले. सकाळी निघताना विमलबाईनं तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, खण-नारळानं ओटी भरली. तानुबाई इतकी वाकली की नारळ घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेला, आणि दोघी हसायला लागल्या.

मोटर लढाई संपायच्या आधीच कायमची बंद पडली. यंत्राचा कुठलासा भाग तुटला, तो मिळाला नाही. पण त्या फेरीनंतरची पहिली आखाजी आली तेव्हा जानेफळात दुपारी एक दमणी शिरली आणि पंजाबरावांच्या दारात थांबली. भगवानराव उतरले. पायाला धूळ, डोक्याला नवा फेटा.

उत्तमराव ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, "कुठले पाहुणे?"

"देऊळघाटचा. आक्काले न्याले आलो."

तानुबाईनं त्यांना पाय धुवायला पाणी दिलं, गूळ दिला. मग आत जाऊन लुगडं बदललं. दमणीला पडदा बांधला होता. बसण्याआधी तिनं तो सोडून घडी केला आणि उशाशी ठेवला.