गाण्यांचं बहुमत आणि वहिनींची मिनिटं

शारजाच्या अल नहदा भागातल्या आम्हा मराठी घरांचा गणपती जवळ आला की कार्यक्रमावरून मतदान ठरलेलं. व्हॉट्सॲपवर पोल टाकायचा, ज्याला जास्त मतं त्याला अख्खी संध्याकाळ. पोल टाकायचो मी, आणि दरवर्षी जिंकायची गाणी. मीही गाणाऱ्यांतलाच, त्यामुळे मला यात काही वावगं वाटत नसे.

समोरच्या फ्लॅटमधल्या नागपूरच्या वहिनींना वऱ्हाडीत एकपात्री करायचं होतं. त्यांना मोजकी मतं पडायची आणि वाटा मिळायचा शून्य. गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर त्यांच्या यजमानांची नोकरी सुटली. गणपती झाले की दोघं कायमचे नागपूरला जाणार होते.

"आता या वर्षी नाही तर खलास, भाऊजी," वहिनी हसून म्हणाल्या. त्या हसण्याने मला कसंसंच झालं.

त्याच दिवसांत माझी लेक नेदरलँड्सच्या मागच्या निवडणुकीचे निकाल चाळत होती. पुढे तिकडे शिकायला जायचं तिच्या डोक्यात आहे.

"बाबा, देअर, टेन पर्सेंट व्होट्स मीन्स अबाउट टेन पर्सेंट सीट्स."

"म्हणूनच सरकार बनवायला त्यांना महिनोन्‌महिने लागतात," मी टोमणा मारला.

"बिकॉज दे हॅव टु टॉक टु ईच अदर! यू गाइज नेव्हर इव्हन आस्क आंटी."

कार्टीचं बोलणं झोंबलं. मी ग्रुपवर लिहिलं, "यंदा संध्याकाळ मतांच्या प्रमाणात वाटायची." गाणारे खवळले. आमचा मुख्य गायक म्हणाला, "हबीबी, शारजात युरोप कुठे काढलास?" भरपूर वाद झाला, पण मी हट्ट सोडला नाही.

वहिनींच्या वाट्याला बारा मिनिटं आली. पहिल्याच वाक्याला हॉल खदखदून हसला. वेळ सांभाळायला मीच होतो. मिनिटं संपली, मी घंटी उचलली, तोच मुख्य गायक ओरडला, "थांब रे! माझी दोन गाणी काप, पण वहिनींना बोलू दे."

"कोअलिशन!" मागून लेक किंचाळली. मी घंटी खाली ठेवली.

वहिनी आता नागपुरात आहेत. यंदा एकपात्रीची मतं वाढली, त्यात माझंही एक आहे. एकपात्री करणार आहे माझी लेक. वऱ्हाडी शिकायला ती रोज वहिनींना फोन लावते, आणि स्पीकरवरून आवाज येतो, "असं नाई वं माय, पुन्यांदा म्हन."