आत्यांचा बोका

कुरुंदवाडात पाणी चढायला लागलं तेव्हा नवरा जाऊन आत्यांना आमच्याकडे कोल्हापूरला घेऊन आला. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात सुतळीनं झाकण बांधलेली टोपली. टोपलीतून गुरगुर ऐकू आली. आमच्या घरात आधीच दोन मांजरी होत्या, एक पांढरी, एक काळी. खिडकीबाहेर दुसरं मांजर दिसलं तरी दोघींच्या शेपट्या फुगायच्या.

"ह्याला पाण्यात कसं टाकून यायचं?" असं म्हणत आत्यांनी सुतळी सोडलीसुद्धा.

बोका थेट सोफ्याखाली घुसला. पांढरी त्याच्यामागे गेली, तिच्यामागे काळी. मग जो आवाज उठला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. केस उडत होते, कोण कुठलं कळत नव्हतं, आणि मी वेड्यासारखा त्यात हात घातला. कुणाचा दात लागला ते अजून माहीत नाही. नवऱ्यानं गोधडी टाकून बोक्याला गुंडाळलं, आतल्या खोलीत सोडलं आणि दार लावलं.

दवाखान्यात रेबीजची इंजेक्शनं सुरू झाली. वेळेवर आलात, काळजी करू नका, असं डॉक्टर म्हणाले. तरी पुढे कितीतरी दिवस पाण्याचा घोट घेताना मी थबकायचे, गिळता येतंय ना ते बघत.

पांढरी कपाटावर चढून बसली, खाईना. काळी अंथरुणात मुतायला लागली. नवरा कागलच्या एमआयडीसीत कामाला जायचा, आणि मागे आम्ही दोघी बंद दारामागची गुरगुर ऐकत बसायचो. शेवटी मी म्हणाले, "आत्या, पेठ वडगावला माझी बहीण आहे. बोक्याला थोडे दिवस तिच्याकडे ठेवूया का?"

"ठेव की," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मग मला बी तिकडंच ठेव."

आवाजात राग नव्हता. त्यांनी फक्त आपली कपड्यांची पिशवी जवळ ओढली. आपणही ह्या घरात जास्तीच्या आहोत, ही भीती त्या आल्यापासून मनात घेऊन बसल्या होत्या. बहिणीला फोन करायचा विचार मी सोडून दिला आणि जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं.

त्यांनी घाई करू नका म्हणून बजावलं. बोक्याची शी-शूची मातीची पाटी वेगळी ठेवा, वासाची सवय व्हावी म्हणून त्याच्या गालावर फडकं फिरवून ते मांजरींच्या ताटलीखाली घाला, आणि बंद दाराच्या दोन्ही बाजूंना खायला देत ताटल्या हळूहळू जवळ आणा. आत्यांनी जुन्या लुगड्याचे तुकडे केले. पहिला तुकडा हुंगून पांढरीनं ताटली उलथून टाकली. पण पुढं पुढं दाराला लागून तिघं जेवायला लागली. मग आम्ही दार बोटभर उघडून दोरीनं बांधलं. फटीतून पंजे आले, फिसकारणं आलं, तेही हळूहळू कमी झालं.

दार पूर्ण उघडलं तो रविवार होता. नवरा गोधडी घेऊन उभा, मी ढालीसारखी परात धरून. बोका आला. पांढरी उठली.

"तिच्याकडं बघू नगंस, बाबा," आत्या पुटपुटल्या.

आणि खरंच त्यानं मान फिरवली, भिंतीकडे बघत खाली बसला. पांढरीनं त्याला हुंगलं, एक चापट मारली आणि निघून गेली. काळी जागची हललीच नाही.

पुरात आत्यांच्या घराची मागची भिंत पडली, त्यामुळे त्या इथेच राहिल्या आणि बोकाही राहिला. तिघं एकमेकांना चाटत नाहीत, जवळ झोपत नाहीत, फक्त वाट देतात. पण आतल्या खोलीत काही धपकन पडलं की आम्ही दोघी एकदमच उठतो.

"काय न्हाय, डबा पडलाय," आत्या सांगतात.

तरी मी तिघांनाही बघून आल्याशिवाय बसत नाही.