तात्याची एक चूक

सांगलीहून तात्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी रडलो, हे खरं. पण त्याआधी क्षणभर मनात आलं, माझ्यासमोर केलेली ती एक चूक आता त्याला कधीच दुरुस्त करता येणार नाही! खोटं कशाला बोलू? या माझ्या मित्रावर मी आयुष्यभर जळलो.

वाईला आम्ही दोघं एकाच फोटोग्राफरच्या हाताखाली शिकलो. मग त्यानं सांगलीत स्टुडिओ काढला, मी साताऱ्यात. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत परदेशी फिल्म मिळेनाशी झाली. व्यापारी कुठला तरी माल नव्या खोक्यात घालून, भलतंच नाव छापून विकायचे. मूळ कारखाना कोणता हे कळल्याशिवाय फिल्म धुण्याच्या औषधात किती वेळ ठेवायची, ते कसं कळणार? कारखान्याचा छाप कडेवर उमटतो तो धुतल्यावर. म्हणजे बैल गेला नि झोपा केला. तोवर फोटो बिघडलेला आणि रजेवर आलेला पोरगा पलटणीत परतलेला... तात्या मात्र फिल्मचा कोरा तुकडा बशीतल्या पाण्यात बुडवायचा. फिल्मच्या पाठीवरचा रंग सुटून पाणी हिरवट, गुलाबी, निळसर व्हायचं. ते बघायचा, हुंगायचा आणि म्हणायचा, "जर्मन हाय गड्या, जुना माल." मीही बशा मांडून पाहिल्या. मला नुसतं रंगीत पाणी दिसायचं. शेवटी प्रवासी सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरकडे तुकडा देऊन सांगलीला पाठवावा लागे. वर आमची ही म्हणायची, "आदीच भावजींस्नी इचारलं आसतं तर?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्याला एकदा, फक्त एकदा चुकलेलं बघायचं होतं मला. दिवाळीनंतर तो योग आला. तात्यानं अंथरूण धरलं होतं. लढाई संपून नवा माल येऊ लागला होता, आणि मला इंग्रजी फिल्मची सीलबंद खोकी मिळाली होती. त्यातलं एक खोकं नि त्यातल्या फिल्मचा एक तुकडा मुद्दाम घेऊन गेलो. तो बराच वेळ पाण्याकडं बघत राहिला.

"बेल्जियमची हाय."

"चुकलास!" मी ओरडलोच. खोकं त्याच्यापुढं धरलं. "इंग्रजी हाय, वाच की!"

त्यानं खोकं वाचलं, पुन्हा पाणी बघितलं. "आसंल बाबा. डोळं गेलं आता. जिंकलास रं."

परतीच्या मोटारीत मी शीळ घालत होतो.

गेल्या आठवड्यात त्याच खोक्यातला पहिला रोल एका लग्नाला वापरला. धुऊन वाळत घातला, तर कडेवर बारीक अक्षरं. भिंग लावलं. बेल्जियम! सीलबंद खोकंच खोटं निघालं. माझा एकुलता एक विजय, तोही गेला. असा जळफळलो म्हणता... पण तात्या चुकला नव्हता हे त्याच्या घरी सांगणं भाग होतं. रोल घेऊन सांगलीला गेलो आणि वहिनींपुढं सगळं बोललो.

त्यांनी रोल गुंडाळून माझ्या हातात परत दिला. मग म्हणाल्या, "आवं भावजी, तुमी येऊन गेल्यापास्नं त्यांनी कुनाचीच फिल्म बघितली न्हाई. आलेली मानसं माघारी धाडायचे. म्हनायचे, मला आता कळत न्हाई."