पुसून फॉरमॅट

आमच्या नात्यात कुणाला हार्ड डिस्क घ्यायची असली की आधी मला फोन येतो. यायलाच हवा, अशी सवयच मी सगळ्यांना लावून ठेवली आहे. दुकानदार विचारतो, किती टीबीची हवी. मी विचारते, लावणार कशाला? फक्त विंडोजला लावणार असशील तर आहे तशी राहू दे. आज विंडोज, उद्या मॅक, परवा मित्राचा टीव्ही, असं तिचं फिरतं आयुष्य असेल तर रिकामी असतानाच एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून टाक, ती सगळीकडे चालते. फॅट बत्तीसच्या नादी लागू नकोस, चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात मावत नाही. आणि भरलेली डिस्क फॉरमॅट करण्याआधी तिची दुसरी प्रत मला दाखव. हे मी घाटकोपरच्या घरात बसून इतक्या जणांना ऐकवलंय की भाजी निवडता निवडता नवराही माझ्यासोबत म्हणतो.

माझे मामा बोरिवलीला राहतात. नोकरी कारकुनाची केली, पण माणसं त्यांना ओळखतात ती भजनीबुवा म्हणून. दर शनिवारी त्यांच्याकडे पेटी, पखवाज, झांजा, आणि पोहे करून करून वैतागलेली मामी. ते सगळं मामा कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचे, आणि पसंतीला उतरेल तेवढंच डिस्कवर ठेवायचे. पुढे घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली एक घोगरी कुजबूज, तीही दमवणारी. मग मामा मोजकं बोलू लागले. वाक्यातला कर्ता गेला, कर्म गेलं, क्रियापद तेवढं राहिलं. मामीला हाक मारायची तर टाळी वाजवायची.

माझा मामेभाऊ अंधेरीला राहतो. त्याने नवीन मॅक घेतला आणि गणपतीतल्या भजनांचे व्हिडिओ वडिलांच्या डिस्कवर टाकायला बसला. मॅक जुन्या फाइली सगळ्या दाखवी, पण नवी एकही आत घेईना. डिस्क विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली होती, ती मॅक नुसती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. मला विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. त्याने वडिलांना फोन करून विचारलं, "बाबा, फॉरमॅट करू?"

मामा म्हणाले, "पुसून फॉरमॅट कर."

आता मामांच्या गावाकडच्या बोलीत पुसणं म्हणजे विचारणं. आपण 'कोण पुसतो' म्हणतो ना, तेच. त्यांना म्हणायचं होतं, माझ्या भाचीला पुसून मग कर. भावाने ऐकलं, साफ पुसून टाक. दुसरी प्रत कॉम्प्युटरवर असणार, असं तो धरून चालला होता. तो कॉम्प्युटर मामीने केव्हाच भंगारात दिला होता.

"ताई, वाट लागली गं," त्याचा फोन आला. "बाबांचा सगळा आवाज गेला."

"फॉरमॅटनंतर त्यात काही टाकलंस?"

"नाही."

"मग आता हातसुद्धा लावू नकोस. डिस्क काढ, मेट्रो पकड आणि ये."

मी त्याला समजावलं, हे साधं फॉरमॅट आहे. बिल्डिंगखालचा नावांचा बोर्ड काढला म्हणून वरची माणसं घर सोडून जात नाहीत. दुसरी माणसं राहायला आणली तरच घोटाळा. बोलले झोकात, पण भीती मलाही वाटत होती. तो आवाज जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. फाइली परत काढणारा प्रोग्रॅम लावला आणि जे सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर उतरवत गेले. सगळं आलं. फक्त फाइलींची नावं गेली होती, नुसते आकडे राहिले होते.

रविवारी आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन बोरिवलीला गेलो, कारण कुठलं भजन कोणतं हे मामाच सांगू शकणार होते. ते एकेक ऐकत आणि बोटाने टेबलावर ताल धरत. पण फाइली त्यांनी ठेवल्या होत्या त्याहून जास्त निघाल्या. पूर्वी त्यांनी स्वतःच डिलीट केलेल्याही वर आल्या होत्या. अर्धवट सोडलेली भजनं, पखवाजवाल्याला दिलेल्या शिव्या, मधल्या गप्पा. "नको," मामा कुजबुजले. मी म्हटलं, "मामा, असू द्या, ऐकूया की," आणि पुढची लावली. तिच्यात गाणं नव्हतंच. पेटीचा एक सूर, आणि मामांचा खणखणीत, घरातला, रोजचा आवाज: "अगो, ऐकलंस? वायच पाणी हाड."

"हाडतंय," स्वयंपाकघरातून मामी म्हणाली.

ग्लास घेऊन ती बाहेर आली आणि दारातच थांबली. मामा तोंड मिटून तिच्याकडे बघत होते. मी घाईने फाइल बंद केली.

"बंद कित्याक केलंस?" मामी म्हणाली. "परत लाव."

मी परत लावली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मामीने ग्लास पुढे केला. मामांना तहान नव्हती, तरी त्यांनी सगळं पाणी पिऊन टाकलं.