काचेच्या नदीत पहिली-दुसरीचा वर्ग

“छोटे बच्चे अंदर नहीं जाएँगे, मॅडम.”

शुक्लाजी दारातच आडवे उभे राहिले. गोंदियात बंद पडलेल्या एका राईस मिलच्या गोदामात नवंच आधुनिक कलेचं संग्रहालय निघालं होतं. शुक्लाजी तिथले मॅनेजर. मी मुर्रीकडच्या एका शाळेत शिक्षिका. माझ्यामागं पहिली-दुसरीची पोरं, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून.

“परवानगी तुमच्याच ट्रस्टनं दिली आहे.”

“मुझे लगा, बड़ी क्लास होगी. अंदर काँच है!”

परत फिरायची सोय नव्हती. आमचे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे साहेब, आधीच बोलले होते, “कायले नसता ताप घेऊन राहिल्या मॅडम? बागेत न्या, झोके खेळवा. काही फुटलं तर यापुढं तुमच्या वर्गाची सहल बंद.” आता ते स्वतःच सोबत आले होते. मदतीला नाही, पाहायला.

“एक चक्कर मारू द्या,” मी शुक्लाजींना म्हटलं. “एकाचाही हात लागला तर सगळे बाहेर.”

कुरकुरत का होईना, ते बाजूला झाले.

पहिल्या हॉलमध्ये ॲबस्ट्रॅक्ट चित्रं होती. म्हणजे माणूस, झाड, घर असं ओळखीचं काही नाही, नुसते रंग आणि रेषा. ‘हे काय आहे?’ असं विचारलं की मोठी माणसंही गप्प होतात. मी विचारलं, “या चित्राचा आवाज कसा येईल?”

“पाण्याची मोटर सुरू केल्यावानी!” प्रज्ञा म्हणाली. मग सगळा वर्ग घुर्र करायला लागला. शुक्लाजी हसू दाबत होते. साहेब मात्र घड्याळ पाहत होते.

शेवटच्या हॉलमध्ये इन्स्टॉलेशन होतं. हे भिंतीवरचं चित्र नसतं. खोलीभर वस्तू मांडलेल्या असतात, आपण त्यांच्यामधून चालायचं. इथं छतापासून सोडलेल्या बारीक तारांना निळ्या-हिरव्या काचेच्या पट्ट्या टांगल्या होत्या. नाव होतं ‘नदी’. पोरं हात मागं बांधून अरुंद वाटेनं चालू लागली. ती मधोमध पोहोचली आणि लाईट गेली.

लोडशेडिंग. गोदामाला खिडक्या नव्हत्या. काळोखात कुणीतरी रडू लागलं. कुणाचा तरी धक्का लागून काच किणकिणली.

“हिलना मत! अरे, कोई हिलना मत!” शुक्लाजी ओरडले. त्या आवाजानं आणखी दोघंतिघं रडायला लागली.

मी जोरात म्हटलं, “स्टॅच्यू!”

हा खेळ आम्ही रोज मधल्या सुट्टीत खेळायचो. हॉल एकदम चिडीचूप झाला. रडणारी पोरंसुद्धा जागच्या जागी थिजली.

“शुक्लाजी, मागं माल उतरवायचं शटर असेल ना? उघडा.”

“वो तो कभी खोला ही नहीं.”

“मग आज उघडा.”

ते चाचपडत गेले. शटर गंजलेलं. साहेबांनीही हात लावला. दोघांनी मिळून ते खडखडत वर ढकललं आणि दुपारचं ऊन सरळ आत शिरलं.

काचा पेटल्यासारख्या झाल्या. भिंतींवर, फरशीवर, पोरांच्या पांढऱ्या शर्टांवर निळं-हिरवं ऊन हलायला लागलं. कुणी जागचं हललं नाही, कारण मी अजून ‘ओव्हर’ म्हटलं नव्हतं. फक्त प्रज्ञा ओठ न हलवता पुटपुटली, “मॅडम, पानी हालून रायला जी!”

शुक्लाजी तोंडाचा आ वासून पाहत होते. इतके दिवस ते रोज ट्यूबलाईट लावून लोकांना ती नदी दाखवत होते.

“ओव्हर!” मी म्हटलं. पोरांनी अशी काही आरोळी ठोकली की रस्त्यावरची माणसं डोकावली. एकही पट्टी फुटली नव्हती. एकाचाही हात लागला नव्हता.

निघताना शुक्लाजी दारापर्यंत आले. “अगली बार दोपहर में ही लाना, मॅडम. शटर खुला रहेगा.” वाटेत साहेब म्हणाले, “तिसरी-चौथीलाबी आणा की. त्यांनी काय पाप केलं?”

त्यानंतर दर वर्षी आमची शाळा तिथं जाते. नव्या शिक्षकांना मी दोनच गोष्टी सांगते. पोरांना चित्रकलेचा इतिहास नाही शिकवला तरी चालेल, स्टॅच्यू मात्र पक्का शिकवा. आणि आत शिरण्याआधी शटर कुठं आहे ते विचारून घ्या.