कोणत्या ओळीत?

"कोनत्या ओळीत लिवलंय, बाय?" असं विचारून ती माझ्या हातातल्या कागदावर बोट टेकवायची. तिला वाचता येत नव्हतं. बोटाला मासळीचा वास असायचा, म्हणून आधी ते लुगड्याला पुसायची आणि मगच कागदाला लावायची.

नव्वदीच्या दशकात मी पालघरच्या एका लहानशा वाचनालयात काम करत होते. ती पालघरजवळच्या माहीम गावची, मासळी विकणारी. टोपली रिकामी झाली की बाजारातून येऊन आमच्या पायरीवर टेकायची. तुमच्याही ओळखीत अशी एखादी मावशी असेल, नाव कधी विचारलेलं नसतं. एके दिवशी ती जवळ सरकून हळूच म्हणाली, "तुज्या या पुस्तकांत एड्सचं काय लिवलेलं हाय?"

तिचा एकुलता एक मुलगा बोईसरच्या कारखान्यात होता. ताप हटेना, अंग वाळत चाललं, म्हणून रक्त तपासलं तर एचआयव्ही निघाला. डॉक्टरांनी लांबूनच रिपोर्ट सरकवला. गावात कोणी म्हणे श्वासातून लागतो, कोणी म्हणे कपड्यांतून. वैतरणेकडचा एक वैद्य महिनाभरात बरं करायची हमी देत होता. दिराने तर मुलाची खाट जाळी ठेवायच्या झोपडीत हलवली होती.

मी कपाटं धुंडाळली. जुन्या मासिकांत नुसती भीती भरलेली. आणि खरं सांगते, त्या दिवशी तिनं पाणी पिऊन पेला परत दिला तो मी दोनदा घासला. मलाही काही माहीत नव्हतं.

शेवटी आम्ही मुलाला घेऊन मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी त्याचा हात हातात घेऊन नाडी पाहिली. मावशी त्या हातांकडे बघतच राहिली. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने हा आजार लागत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला लागतो, असं बाईंनी नीट समजावलं. त्याला क्षयही होता. क्षयाच्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नव्हत्या. निघताना त्यांनी मराठीत छापलेला कागद दिला.

व्हरांड्यात मावशीने विचारलं, "आनि हा बरा होनार, ते कोनत्या ओळीत?"

"ते नाही लिहिलेलं, मावशी."

तिनं कागदाची घडी करून कमरेला खोचली. मग म्हणाली, "मंग त्यो वैद्य खोटं बोलतो."

गावी तिनं दिराला अंगणात बसवलं, मला तो कागद मोठ्यानं वाचायला लावला आणि सगळ्यांदेखत मुलाच्या ताटातला भात खाल्ला. खाट घरात आली. गोळ्या ती स्वतःच्या हाताने द्यायची. पोरगा उठला, ओटीवर बसून फाटकी जाळी सांधू लागला. दोन दिवाळ्या त्यानं पाहिल्या. तिसरीच्या आधी गेला.

वर्षभरानं वर्तमानपत्रात आलं, की परदेशात काही औषधं एकत्र देतात आणि या आजाराची माणसं जगतात. तिला सांगावं की नाही, या विचारात आठ दिवस कात्रण पर्समध्ये घेऊन फिरले. मग माहीमला गेले. ती काठ्यांवर बोंबील टांगत होती. मी बातमी वाचली.

"एका वरसानं चुकलं," ती म्हणाली. पुढचा बोंबील टांगत तिनं विचारलं, "आपल्याकडं कवा येल?"

"माहीत नाही."

"आलं की पयलं मला सांग. आमच्या आळीत ह्याच आजाराची दोन पोरं हायत. आईबापांनी कोनाला सांगितलं नाय, पन माज्याकडं येतात."

एवढं बोलून ती वाळूत खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. मुलाच्या मयतीलाही ती अशी रडली नव्हती.

ते औषध आमच्या भागात यायला पुढे कितीतरी वर्षं लागली. तोवर ती दोन पोरं उरली नव्हती आणि मावशीही नव्हती. आल्याचं मला कळलं तेव्हा मी माहीमची एसटी पकडायला निघाले आणि स्टँडवर पोचल्यावर आठवलं, की आता सांगायला तिथे कोणीच नाही.