अक्का बसली की चालणारी सायकल

रेवा, ईशान, तुमच्या आजीने अठ्ठावीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं, हे आधी लक्षात घ्या. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला लागलं तर नाही ना, एवढंच बघते. पण पुढचं सगळं इथे जळगावला, आमच्या अंगणात, भर सकाळी घडलंय… आणि मी एकटीनेच पाहिलेलं नाही.

तुमच्या बाबाने दिवाळीत घेऊन दिलेली इलेक्ट्रिक सायकल तीन आठवडे छान चालली. मग एका सकाळी असोदा रस्त्यावरच्या पुलाच्या चढावर मोटर अचानक गप्प. डिस्प्ले चालू, बॅटरी भरलेली, दिवा लागतोय — पण पॅडल मारलं तरी ओढच नाही. ढकलत घरी आणली.

शिस्तीने तपासलं. ब्रेक अडकून राहिला तर मोटर बंदच राहते, म्हणून दोन्ही ब्रेकचे स्विच सोडवून पाहिले. पॅडलजवळचा सेन्सर पुसला. मोटरच्या वायरचा जोड काढून पुन्हा घट्ट बसवला. काही उपयोग नाही. शेवटी मूळचे धुळ्याकडचे मेकॅनिक रतनभाऊ आले आणि मीटर घेऊन तासभर बसले, पण दोष काही सापडेना.

"मावशी, बठ्ठं बराबर शे," ते डोकं खाजवत म्हणाले. "तरी चालत नै. आशी गाडी मी कव्हयच दखी नै."

शेजारच्या घरातून अक्का हे बघत होती. अक्का म्हणजे माझी मोठी जाऊ, वय अठ्ठ्याहत्तर. मोठे दीर गेल्यापासून दोन वर्षं ती घराबाहेर पडली नव्हती, जेवणही कसंबसं. तिचा मुलगा दिनेश धुळ्याला असतो. काळजीने बिचारा अर्धा झालेला. त्या रविवारी तो तिला कायमचं धुळ्याला न्यायला येणार होता. तिला जायचं नव्हतं, पण नाही म्हणायला तिच्याकडे कारणही नव्हतं.

"बंद पडली का व तुही घोडी?" करत ती अंगणात आली. मी सीटवर बसून पॅडल दाबून बघत होते. अक्काचे गुडघे दुखत होते, ती सरळ मागच्या कॅरियरवर टेकली—

आणि सायकल सुटली! तुळशीला वळसा घालून आम्ही दोघी थेट पेरूच्या झाडाशी.

"धर व, धर! पाडते का मले?" अक्का ओरडली. आणि हसायला लागली. दोन वर्षांनी ऐकलं मी ते हसू.

अक्का उतरली, मोटर गप्प. अक्का बसली, मोटर चालू. रतनभाऊ म्हणाले, वजनाने एखादी वायर दाबली जात असेल. मलाही पटलं. अक्काला वजनकाट्यावर उभं केलं, एक्केचाळीस किलो. तेवढेच गहू गोणीत भरून कॅरियरला बांधले. गप्प. रतनभाऊ स्वतः मागे बसले. गप्प. मी मागे, रतनभाऊ पुढे… तरी गप्प. मग रतनभाऊंच्या मागे अक्का बसली आणि सायकल मुकाट्याने चालू लागली.

"मशिनले बी माणूस समजते," अक्का म्हणाली.

रतनभाऊंनी हात जोडले. "अक्का, तुम्ही मना दुकानमा येत जा. बठ्ठ्या बंद गाड्या चालू व्हई जातीन!"

शनिवारी आम्ही दोघी असोद्याला अक्काच्या मैत्रिणीकडे, शेवंताकडे गेलो. तिने कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली होती. अक्काने भरिताबरोबर दीड भाकरी खाल्ली. परत येताना मोटर पुलावरही थकली नाही, उलट अक्काच मागून पाठीत बोट खुपसत होती, "त्या फटफटीच्या पुढे घे न!"

रविवारी दिनेश आला. सायकल आईला बसवून, आईला उतरवून, दहा वेळा चालवून पाहिली. "काकू, हे शक्यच नाही," म्हणाला. मग आईला विचारलं, "बॅग भरलीस ना?"

अक्का कॅरियरवरून उतरलीच नाही. "मी धुय्याले आली त हिची सायकल कोन चालवीन रे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "खरं आहे," मी म्हटलं, "तिच्याशिवाय चालत नाही." पुरावा त्याने स्वतःच तपासून पाहिला होता. जेवताना आईने दुसरी भाकरी मागून घेतलेली त्याने पाहिली, आणि संध्याकाळी एकटाच परत गेला, शिट्टी वाजवत.

मोटरला वीज सोडणारा पार्ट बदलून बघावा म्हणून रतनभाऊंनी तो मागवला होता. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला, "मावशी, नवा कंट्रोलर ई ग्या. बसाडी देऊ का? मंग अक्काबिगर बी चालीन."

चालेलही. पण गव्हाची गोणी आणि अक्का यांतला फरक मोटरला कसा कळतो, याचं उत्तर त्या कंट्रोलरमध्ये नाही. माझ्याकडेही नाही. आणि फिजिक्सवाल्या बाईने असं बोलू नये, पण उत्तराची मला घाईही नाही.

"भाऊ," मी म्हटलं, "तो पार्ट तुमच्या दुकानातच राहू द्या."